स्कायलॅब लवकर का पडली?

१९७९ च्या जुलैत स्कायलॅब डोक्यावर पडेल म्हणून अम्मीनं आम्हाला अंगणात खेळू दिलं नव्हतं. ११ जुलैला ती पडली, हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियात. अंदाजापेक्षा काही वर्षं आधीच. कारण मला फार उशिरा कळलं. सूर्य खवळला, की वरची विरळ हवा तापून फुगते आणि उपग्रहाला अडवते. तो खाली घसरतो. गंमत म्हणजे, या घसरण्यावरूनच शास्त्रज्ञ तिथल्या हवेची घनता काढतात. त्यासाठी अमेरिकेनं १९६१ मध्ये एक्सप्लोरर-९ नावाचा १२ फुटी फुगाच कक्षेत सोडला! मोठा पण हलका, म्हणून हवेचा जरासा अडथळाही त्याला जाणवे. पुढे २००० मध्ये गेलेल्या जर्मनीच्या चॅम्प उपग्रहावर हा अडथळा थेट मोजणारं उपकरणच होतं. तरी फेब्रुवारी २०२२ मध्ये सौरवादळानं गाठलंच. एकाच वेळी सोडलेल्या स्टारलिंकच्या ४९ उपग्रहांपैकी बहुतेक खाली येऊन जळाले.