ताल धरणारीचे काम

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. मोठमोठे शब्द मला येत नाहीत, तेव्हा साधेच बोलते. आज मला ताल धरणाऱ्या माणसाविषयी सांगावयाचे आहे.

आपल्या डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर भातकापणीच्या सुमारास तारपा नाच होतो. सगळ्यांचे लक्ष तारपेवाल्याकडे; पण कड्यांची काठी जमिनीवर आपटून ताल देणारा असतो, म्हणून नाचणाऱ्यांचे पाय एकदम पडतात. मोठ्या वाद्यवृंदातही असेच असते.

आपल्या डहाणूहून लोकल थेट चर्चगेटला जाते. तेथून जवळच नरिमन पॉइंटला एनसीपीए ही संस्था आहे. सन २००६ मध्ये तेथे 'सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' हा पाश्चात्त्य पद्धतीचा वाद्यवृंद उभा राहिला. त्यात पुढे व्हायोलिनवाले बसतात आणि अगदी मागे तालवाद्ये. तेथे तांब्याच्या कढईवर चामडे ताणल्यासारखी टिंपनी असते. ती आपल्या नगाऱ्याचीच नातलग. नगारे अरब-तुर्की मुलखातून युरोपात गेले, त्यांतूनच ती झाली.

रावेल यांची 'बोलेरो' ही १९२८ सालची प्रसिद्ध रचना. तीत ड्रमवाला सुमारे पंधरा मिनिटे एकच ठेका धरतो. आधी अगदी हळू, मग चढत चढत. त्याने घाई केली की सगळेच फसले. उलट द्वोर्झाक यांच्या १८९३ सालच्या 'न्यू वर्ल्ड' सिंफनीत झांज वाजते ती एकदाच, शेवटच्या भागात. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत एक ठोका! बाकी वेळ वादक मात्रा मोजीत बसतो. त्याचे काम थोडे म्हणावे काय? ज्याला थोडे वाजवायचे, त्यालाच फार ऐकावे लागते.

पुढे सन २०१५ मध्ये उस्ताद झाकीर हुसेन यांनी याच वाद्यवृंदासाठी 'पेशकार' ही रचना केली आणि तबल्याला सर्वांच्या पुढे मान मिळाला. २०२४ मध्ये ते गेले, काम राहिले.

तबला पुरुषांनीच वाजवावा, असेही नाही. मुंबईच्या डॉ. आबान मिस्त्री (१९४०–२०१२) या पारशी विदुषीने मैफलीत स्वतंत्र तबलावादन केले आणि तबला-पखवाजाच्या घराण्यांवर ग्रंथ लिहिला.

आता आपल्या घरचे बोलू. आपल्या भजनात गळा आपला, पेटी आपली, टाळ आपले. तबला तेवढा बाहेरचा. तबलजींना कारखान्यात पाळी लागली की आपले भजन बंद. गेल्या श्रावणात दोन सोमवार असेच गेले. त्यांचा दोष नाही. त्यांनाही पोट आहे. पण आपण चाळीस जणी असून एकीचाही हात डग्ग्यावर पडू नये? "बाई तबल्यावर बसली तर लोक काय म्हणतील?" असे आपणच आधी म्हणतो. जन्मभर पोळपाट-लाटण्याचा ताल सांभाळणाऱ्या हाताला तबला जड नाही.

माझी विनंती एवढीच, की मंडळाच्या शिलकेतून एक तबला-डग्गा घ्यावा, आणि दोन मुली व दोन बायका यांनी आठवड्यातून दोनदा शिकायला बसावे. बोट दुखेल, ठेका मोडेल, घरचे हसतीलही. हसू द्यावे. वर्षभराने भजन आपल्याच ठेक्यावर उभे राहील.

आज निर्णय व्हावा, अशी आशा करून मी आपली रजा घेते.