ग्रंथालयाचे दार आणि आपली मुले



जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतील आपणांपैकी अनेक कुटुंबांनी अलीकडेच बुद्धाच्या धम्माचा स्वीकार केला आहे. दीक्षेच्या दिवशी घरातील देव्हारा रिकामा झाला. ती जागा आता कशाने भरावयाची, असा प्रश्न आपण मला विचारता. मी वकील आहे, धर्मोपदेशक नव्हे. तरी माझे उत्तर एकच आहे : तेथे पुस्तकांची फळी लावा, आणि मुलांचा हात धरून सार्वजनिक ग्रंथालयाचा उंबरठा ओलांडा.

हा उंबरठा ओलांडणे म्हणजे काय, हे महाडने आपणांस शिकविले आहे. १९२३ साली मुंबई कायदेमंडळाने बोले यांचा ठराव संमत केला, आणि १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांस खुले केले. ठराव दप्तरात होता, पाणी तळ्यात होते, परंतु आपली ओंजळ कोरडीच होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब सहस्रावधी बांधवांसह तळ्यावर गेले, तेव्हा त्या हक्कास प्राण आला. जो हक्क वापरला जात नाही तो कागदावरच राहतो. ग्रंथालयाच्या बाबतीत आपण आज १९२४ सालात आहोत की १९२७ सालात, याचा ज्याने त्याने विचार करावा.

कायदा काय म्हणतो, ते नीट ध्यानात घ्या. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमान्वये मान्यताप्राप्त ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीप्रमाणे शासन अनुदान देते. तो पैसा जनतेच्या करांचा आहे. काडीपेटी विकत घेणारी मजूर स्त्रीही त्यात भर घालते. शासनाच्या पैशाने पूर्णतः अथवा अंशतः चालणाऱ्या सार्वजनिक स्थानी जातीच्या कारणास्तव कोणासही मज्जाव करता येत नाही, असे संविधानाचे १५ वे कलम सांगते. अस्पृश्यतेच्या कारणावरून अशी आडकाठी करणारास १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण अधिनियमाखाली शिक्षा आहे. ज्यास अडविले त्याचा धर्म कोणता, हे तो कायदा विचारीत नाही. म्हणून धर्मांतराने हे संरक्षण गेले, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नका.

परंतु आज दार सहसा धडधडीत बंद केले जात नाही. मध्यंतरी एक बाई आपल्या तेरा वर्षांच्या मुलीस घेऊन माझ्याकडे आल्या. मुलगी एका ग्रंथालयात गेली असता तिला प्रथम आडनाव विचारले, नंतर अनामत सांगितली, आणि शेवटी ‘वडिलांना पाठव’ म्हणून परत लाविले. वडील मजुरीवर, मुलगी पुन्हा गेली नाही. तिला कोणी ‘नाही’ म्हटले नव्हते, पण ‘ये’ असेही म्हटले नव्हते. मी नोटीस लिहिली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे तेथे गेलो, नियम पाहावयास मागितले, अर्ज भरला, अनामतीची पावती घेतली. मुलीच्या हाती पुस्तक आले. कलमांचा उच्चारही करावा लागला नाही. परंतु ती ठाऊक होती म्हणूनच आमचा आवाज कापला नाही.

मुलगी तेरा वर्षांची होती, हे विसरू नका. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क सहा ते चौदा वर्षे वयापुरता आहे. चौदाव्या वर्षानंतर कायद्याचा हात सुटतो, आणि नेमक्या त्याच वयात आपली मुले नारायणगावच्या टोमॅटो बाजारात किंवा कांद्याच्या शेतात रोजावर जाऊ लागतात; मुलींची लग्ने बोलली जातात. शाळा सुटली तरी ग्रंथालय सुटत नाही. तेथे वयाची अट आड येऊ देऊ नका.

मुलास ग्रंथालयात काय मिळावयास हवे? बाबासाहेबांचे बालपण पाहा. शाळकरी भीमराव मुंबईत चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तेथे कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांस हेरले, पुस्तके दिली, आणि पुढे स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. एक पुस्तक, बसावयास निवांत जागा, आणि ‘काय वाचतोस?’ असे आपुलकीने विचारणारा वडीलधारा माणूस : एवढ्या तीन गोष्टींतून केवढे कार्य उभे राहिले! याच केळुसकरांच्या मध्यस्थीने ज्यांचे साहाय्य भीमरावांस लाभले, त्या सयाजीराव महाराजांनी १९१० पासून बडोदे संस्थानात मोफत ग्रंथालये उभारली. त्यांत मुलांसाठी स्वतंत्र विभाग होता, आणि खेड्यांसाठी पुस्तकांच्या फिरत्या पेट्या होत्या.

तेव्हा आपण मागावयाचे ते हेच. मुलांचे वेगळे कपाट मागा; ते कुलूपबंद नसावे. रविवारी ग्रंथालय उघडे ठेवण्याचा आग्रह धरा. आपल्याकडे उसाच्या फडात बिबट्या असतो. दिवेलागणीनंतर मुलीने वाडीवर एकटीने परतावे, हे शक्य नाही. म्हणून मुलांची वेळ दिवसाउजेडी असावी. प्रत्येक शाळेत गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असावे, असे २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक असतात. तेथे बसा आणि बोला. संविधानाच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवावयाच्या विषयांत ‘ग्रंथालये’ हा विषय आहे. तो ग्रामसभेत मांडा. अनुदान कशावर खर्च झाले, हे २००५ च्या माहिती अधिकाराखाली लेखी विचारा. आणि डोंगरातल्या ज्या वाडीत काहीच नाही, तेथे विहारातून पुस्तकांची एक पेटी पाठवा. आईबापांस वाचता येत नसेल, तर मुलाने रात्री मोठ्याने वाचावे व त्यांनी ऐकावे. तेही वाचनच आहे.

आपण गरीब आहोत, आपल्याने काय होणार, असे म्हणू नका. जुन्नरभोवतीच्या लेण्यांतील शिलालेख पाहा. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याची पोढी दान दिली. बांबूचे काम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचाही तेथे उल्लेख आहे. ही कष्टकरी माणसेच होती. त्यांचे नाव सुमारे दोन हजार वर्षे दगडावर टिकले. आपण आपल्या मुलाचे नाव ग्रंथालयाच्या वहीत नोंदवावे, एवढेच मी मागतो. येत्या रविवारी ते काम करा.

जय भीम!