न मागितलेल्या गाडीचे भाडे



अमेरिकेत अपस्माराच्या रुग्णाला बाजारात किंवा कामाच्या जागी फेफरे आले, की भोवतालचा कोणीतरी 911 हा क्रमांक फिरवतो. त्यामागे माणुसकीच असते. तिला बोल लावण्याचे कारण नाही. परंतु जुन्या रुग्णाचे बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप शमतात. त्याला कुशीवर वळवावे, वेळ मोजावी. झटका पाच मिनिटांहून लांबला, लागोपाठ दुसरा आला, इजा झाली वा आयुष्यातला तो पहिलाच असला, तर रुग्णवाहिका बोलवावी, असे वैद्यक सांगते. प्रत्यक्षात रुग्ण पुष्कळदा भानावर येतो तोच गाडीत. ‘घरी जाऊ द्या’ असे तो म्हणाला, तरी झटक्यानंतरच्या संभ्रमामुळे त्याचा नकार सहसा ग्राह्य धरला जात नाही.

बेशुद्धाची संमती गृहीत धरावी, हे तत्त्व प्राणरक्षणासाठी रास्तच आहे. पण उपचारासाठी गृहीत धरलेली ही संमती बिलालाही का चिकटावी? ते बिल शेकडो, कित्येकदा हजाराहून अधिक डॉलरचे असते आणि इस्पितळाचे निराळे. वारंवार फेफरे येणाऱ्या मजुराला मग आजारापेक्षा आजूबाजूच्यांच्या मदतीचेच भय वाटू लागते.

यात गाडीवरच्या कर्मचाऱ्यांचा दोष नाही. तेही तुटपुंज्या वेतनावर राबतात. दोष आहे तो हिशेबाच्या रीतीत. वृद्धांसाठी व अपंगांसाठी असलेल्या मेडिकेअर योजनेत रुग्णाला वाहून नेले तरच सेवेला मोबदला मिळतो. जागीच उपचार करून सोडले तर सहसा काही नाही. ही रीत बदलू पाहणारा सरकारी प्रयोग 2021 मध्ये सुरू झाला आणि मुदतीआधीच, 2023 अखेर, गुंडाळला गेला. अनपेक्षित बिलांविरुद्धचा केंद्रीय कायदा 2022 पासून अमलात आला. त्याने हवाई रुग्णवाहिकांना आवर घातला, रस्त्यावरच्या मात्र वगळल्या! सामान्य माणूस यांपैकी कोणत्या वाहनातून जातो, हे कायदेमंडळाला ठाऊक नव्हते काय?

कॅलिफोर्नियाने 2024 पासून विमाधारकांना या बिलांपासून संरक्षण दिले. तेही अपुरेच, कारण मोठे मालक स्वतःच्या निधीतून चालवतात त्या कामगार-विमा योजनांना, 1974 च्या केंद्रीय कायद्यामुळे, राज्याचा असा कायदा लागू होत नाही. रुग्णवाहिका अग्निशामक दलासारखी करांतून चालवावी आणि तिचा खर्च फेऱ्यांवर नव्हे, तिच्या सज्जतेवर व्हावा, ही मागणी तिथल्या कामगार संघटनांनी याच कायद्यावर बोट ठेवून लावून धरायला हवी.