मस्तकातील पाणी आणि घरची वाट



आपल्या मंडळाच्या व्यासपीठावर विवाह, शिष्यवृत्ती व वसतिगृह यांखेरीज अन्य विषय क्वचितच निघतो. आज आम्ही तान्ह्या मुलांच्या एका दारुण विकाराविषयी बोलणार आहोत, आणि त्यासाठी आपणांस पूर्व आफ्रिकेतील युगांडा देशी, म्बाले या गावी नेणार आहोत.

अर्भकास जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत जंतुसंसर्ग होतो व तो मेंदूपर्यंत पोचतो. ताप उतरला, की घरची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. परंतु मेंदूतील पाणी वाहून जाण्याच्या अरुंद वाटा आतल्या आत बुजलेल्या असतात. पाणी तुंबते, टाळू फुगते, डोके वाढू लागते. यासच जलशीर्ष म्हणतात. बेंजामिन वॉर्फ हे अमेरिकन शस्त्रवैद्य २००० साली सहकुटुंब युगांडात गेले. म्बालेच्या बालरुग्णालयात त्यांनी तपासलेल्या ३०० मुलांपैकी, पाचांत सुमारे तिघांचा विकार अशाच संसर्गातून उद्भवलेला होता.

रूढ उपाय असा, की मेंदूपासून पोटापर्यंत कातडीखालून एक बारीक नळी बसवावयाची. तिला शंट म्हणतात. पाश्चात्त्य शंट सुमारे ६५० डॉलरांना, तर आपल्या उत्तर प्रदेशातील शहाजहानपूरचा छाब्रा शंट ३५ डॉलरांच्या आसपास मिळे. वॉर्फ यांनी १९५ मुलांत दोहोंची तुलना केली. वर्षाअखेर परिणामांत फरक आढळला नाही! हे २००५ साली प्रसिद्ध झाले. ज्ञातीतील व्यापारी बंधूंनी याची अवश्य नोंद घ्यावी.

पण नळी स्वस्त असो वा महाग, ती केव्हातरी बुजते. मोठ्या शहरातील मूल तासाभरात शस्त्रवैद्यापाशी पोचते. रुग्णालयापासून दूर खेड्यात राहणाऱ्या मुलाच्या ते जिवावर बेतते. म्हणून वॉर्फ यांनी दुर्बिणीच्या साह्याने मेंदूतील पोकळीच्या तळाशी पाण्यास नवी वाट करून दिली, आणि जेथून ते पाणी पाझरते तो झालरीसारखा भाग डागून टाकला. नळीच नाही, तर बुजणार काय? मुलाची घरची वाट किती लांब आहे, हे पाहून शस्त्रक्रिया निवडणारा वैद्य आम्हांस विरळा वाटतो.

तथापि एक कटू सत्यही सांगावयास हवे. युगांडातील १०० अर्भकांवर या दोन्ही उपायांची तुलना करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतरच्या बौद्धिक वाढीत उल्लेखनीय फरक दिसला नाही. पाणी काढता येते. संसर्गाने झालेली मेंदूची हानी शस्त्राने भरून निघत नाही. २०२० साली अशा अनेक मुलांच्या मेंदूजलात पेनिबॅसिलस जातीचा जंतू सापडला, तेव्हा कोठे मूळ शत्रूचा माग लागू लागला.

आपल्या घरांतून टाळू भरताना आजीचा हात रोज बाळाच्या मस्तकावरून फिरतो. मूल शांत असताना, उभे धरले तरी टाळू ताठ व फुगीर लागली, किंवा ताप येऊन त्याने दूध तोडले, तर तेल बाजूस ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. डोक्याचा घेर भुवयांच्या वरून व मागील उंचवट्यावरून मोजावयाचा असतो. शिंप्याची फीत आम्ही बरोबर आणली आहे. ज्या भगिनींच्या कडेवर तान्ही मुले आहेत त्यांनी सभेनंतर थांबावे.