शनवार तेली आणि आपण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत विजय नगर, जबलपूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भाषणाचा विषय निवडण्याची मोकळीक कार्यकारिणीने आम्हांस दिली, याबद्दल प्रथम आभार मानतो. अशा प्रसंगी संतवाङ्मय किंवा शिवचरित्र हे विषय अपेक्षित असतात. आम्ही मात्र ज्यू धर्म आणि ज्यू संस्कृती यांच्या महाविद्यालयीन अभ्यासाविषयी बोलणार आहोत. विजय नगरातल्या मराठी कुटुंबांना हा विषय फार दूरचा वाटेल. परंतु या अभ्यासाचे एक मोठे दालन मराठी भाषेवाचून उघडतच नाही, आणि त्याची किल्ली आपल्या घरांत पडून आहे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

ज्यू परंपरेचा आधुनिक शास्त्रीय पद्धतीने अभ्यास व्हावा म्हणून १८१९ साली बर्लिन येथे लिओपोल्ड त्सुंट्स आणि त्याचे तरुण सहकारी यांनी एक संस्था स्थापन केली. तोपर्यंत हा अभ्यास मुख्यतः धर्मपाठशाळांतून आणि धर्मग्रंथांपुरता चाले. पुढे अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात १९२५ मध्ये व कोलंबिया विद्यापीठात १९३० मध्ये यासाठी स्वतंत्र अध्यासने निर्माण झाली. १९३४ मध्ये मॉर्डेकाय कॅपलन यांनी ज्यू धर्म ही केवळ उपासनापद्धती नसून एक संपूर्ण संस्कृती आहे, असा विचार ग्रंथरूपाने मांडला. १९६९ मध्ये तेथील अभ्यासकांची संघटना उभी राहिली. आज परदेशांतील अनेक विद्यापीठांत बी.ए.चा विद्यार्थी धर्मशास्त्र, इतिहास, हिब्रू भाषा, वाङ्मय, समाजशास्त्र आणि संगीत हे विषय एकत्र घेऊन या संस्कृतीचा अभ्यास करू शकतो.

इतके विषय एकत्र कशासाठी, असा प्रश्न साहजिक आहे. आम्ही बी.ए. झालो तेव्हा इतिहासाच्या तासाला भाषेचा आणि भाषेच्या तासाला धर्माचा संबंध येत नसे. या प्रश्नाचे उत्तर बर्लिनमध्ये शोधण्याची गरज नाही. ते कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात मिळते.

अलिबागजवळ नवगाव म्हणून गाव आहे. बेने इस्राएल समाजाची परंपरा अशी की, त्यांच्या पूर्वजांचे गलबत या किनाऱ्याजवळ फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि त्यांचाच वंश पुढे कोकणात वाढला. जवळचे धर्मग्रंथ समुद्राने गिळले होते. ही माणसे गावोगाव तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवार हा त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस. त्या दिवशी घाणा बंद. म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना 'शनवार तेली' हे नाव दिले. ज्या गावी राहिले त्या गावाची आडनावे त्यांनी घेतली : दिवेकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर, अष्टमकर, नवगावकर. शमुवेलचा सामाजी झाला, यहेज्केलचा हसाजी झाला. बोली अर्थातच मराठी.

ग्रंथ नाही, गुरू नाही, देवालय नाही, आणि तरी धर्म टिकला. तो कशावर टिकला? शनिवारची विश्रांती, आठव्या दिवशी मुलाची सुंता, खवले व पर असलेलेच मासे खाण्याचा नियम, आणि 'शेमा' या प्रार्थनेचे शब्द, एवढ्यावर. पुढे डेव्हिड राहाबी नावाचा एक विद्वान ज्यू कोकणात आला, असे परंपरा सांगते. त्याच्या काळाविषयी मतभेद आहेत. हे लोक ज्यूच आहेत की काय, हे पाहण्यासाठी त्याने बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले. त्यांनी खवले-पर नसलेले मासे निमूटपणे बाजूला काढले, आणि त्याची खात्री पटली. या कथेत धर्माची साक्ष स्वयंपाकघराने दिली आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. केवळ ग्रंथ चाळणाऱ्या पंडिताला ती साक्ष ऐकू आली नसती.

सणांची नावे पाहा. वर्षारंभ तो 'नव्याचा सण'. त्यानंतर 'खिरीचा सण'. यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा दुःखद दिवस तो 'बिरड्याचा रोजा', कारण त्या दिवशी उपास सोडताना बिरडे खावयाचे. संदेष्टा एलिया याच्या नावाने 'मलिदा' करतात. त्यात पोहे, खोबरे, गोडवा आणि फळे असतात. सभास्थानाला हे लोक 'मशीद' म्हणत. सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत पहिले सभास्थान बांधले. मशीद बंदर स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले, असे सांगतात. हिब्रू आशय, मराठी शब्द आणि मुसलमानी शेजाराची छाया या एकाच दिनदर्शिकेत एकत्र नांदतात. हिचा उलगडा एकट्या इतिहासकाराने किंवा एकट्या भाषापंडिताने व्हावयाचा नाही.

एकोणिसाव्या शतकात ग्रंथ परत आले, आणि तेही मराठीतून. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. वल्हांडण सणाच्या रात्री वाचावयाची 'हग्गादा' १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह छापली गेली. १८७४ मध्ये पुण्यात छापलेल्या हग्गादेतील चित्रात तर लुगडी नेसलेल्या स्त्रिया बेखमीर भाकरी करताना दाखविल्या आहेत. जोसेफ यहेज्केल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. मुंबई विद्यापीठात ते हिब्रूचे परीक्षक होते. त्या शतकाच्या उत्तरार्धात बेंजामिन शिमशोन अष्टमकर आदींनी आपल्या कीर्तनपरंपरेचे रूप घेऊन अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठीत लावली. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ मध्ये इंग्रजीत लिहून पूर्ण केला. तो १९३७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, तेल अवीव येथे छापला गेला.

हे सर्व हौसेचे ज्ञान आहे, याचा व्यवहारात उपयोग काय, असे कोणी विचारील. १९४८ नंतर बेने इस्राएल मोठ्या संख्येने इस्राएलला गेले. तेथे १९६१-६२ च्या सुमारास मुख्य धर्मपीठाने त्यांच्या विवाहांसंबंधी विशेष चौकशीच्या सूचना काढल्या. कोकणातील शतकांच्या एकाकी वास्तव्यात विवाह व घटस्फोटाचे नियम धर्मशास्त्राप्रमाणे पाळले गेले काय, अन्य समाजांशी रक्तसंबंध आले काय, अशी शंका घेण्यात आली. विचार करा : ज्यांनी ग्रंथावाचून शतकानुशतके शनिवार पाळला, त्यांच्या मुलामुलींना लग्नाच्या वेळी आजी-आजोबांच्या कुळाचा पुरावा मागितला जाऊ लागला. १९६४ च्या उन्हाळ्यात यरुशलेममध्ये त्यांनी धरणे धरले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इस्राएलच्या संसदेने, बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत आणि त्यांचे हक्क इतर ज्यूंसारखेच आहेत, असा ठराव केला. पाठोपाठ धर्मपीठाच्या सूचनांतून या समाजाचे नाव वगळण्यात आले. एखाद्या समाजाच्या चालीरीती, त्याचा इतिहास आणि त्याची भाषा नीट जाणणारी माणसे नसली, तर त्याची अब्रू परक्यांच्या तर्कावर अवलंबून राहते, हा या प्रकरणाचा धडा होय. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने या समाजात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वंशांश असल्याचे दाखविले. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने ज्यू समाजास अल्पसंख्याक दर्जा दिला. रक्ताची परीक्षा प्रयोगशाळा करील. परंतु मलिदा कशासाठी आणि बिरडे त्याच दिवशी का, हे तिला सांगता येणार नाही.

आता आपल्याकडे वळू. हा समाज कोकणातून मुंबईस, आणि तेथून सैन्य, रेल्वे, टपाल यांतील नोकऱ्यांच्या निमित्ताने दूरदूर गेला. जेथे गेला तेथे त्याने सभास्थान बांधले : कराचीत १८९३ मध्ये, अहमदाबादेत १९३४ मध्ये, दिल्लीत १९५६ मध्ये. मुंबईची जी.आय.पी. रेल्वे १८७० मध्ये येथे जबलपुरात ईस्ट इंडियन रेल्वेला मिळाली. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबांचे पूर्वजही नोकरीची अशीच वाट धरून या नर्मदाकाठी आले. त्या अर्थाने शनवार तेली आणि आपण एकाच वाटेचे प्रवासी आहोत. इस्राएलमध्ये गेलेल्या पिढीने तेथेही मराठी सोडली नाही. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक तेथून निघत आले आहे.

आमच्या या नगरात मात्र निराळे चित्र दिसते. आपली मुले घरात मराठी बोलतात, शाळेत हिंदी व इंग्रजी वाचतात, आणि मराठी छापील पान पुढे आले की ते आजोबांकडे सरकवतात. मराठी शिकून पुढे काय करावयाचे, हा त्यांचा प्रश्न उद्धटपणाचा नाही, खरा आहे. त्याचे एक उत्तर आज आम्ही दिले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या विद्यार्थ्याला मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या शाखेचा विषय घेण्याची वाट मोकळी केली आहे. इतिहासाबरोबर भाषा, समाजशास्त्राबरोबर संगीत असा अभ्यास आता अशक्य राहिलेला नाही. बेने इस्राएलांच्या अभ्यासासाठी परदेशी विद्यार्थ्याला वयाच्या विसाव्या-पंचविसाव्या वर्षी मराठीची बाराखडी गिरवावी लागते. विजय नगरातल्या मुलीला ती भाषा आईच्या कुशीत मिळालेली असते. तिला केवळ वाचनाची जोड हवी. त्या हग्गादा, ती कीर्तने, या समाजाची जुनी मराठी नियतकालिके अशा वाचकांची वाट पाहत आहेत.

म्हणून कार्यकारिणीपुढे आम्ही दोन विनंत्या ठेवतो. आठवड्यातून एक तास मंडळात मुलांनी मोठ्याने मराठी वाचावे. गोष्ट असो, पाककृती असो, वा जुने पत्र असो. आणि प्रत्येक कुटुंबाने एका वहीत लिहून ठेवावे : आपण कोणत्या गावाहून, कोणत्या साली, कशासाठी आलो, कोणते सण येथे कसे बदलले, कोणता पदार्थ राहिला, कोणता गेला. किहीमकरांनी आपल्या लोकांचे लिहून ठेवले, म्हणून ते जगाला ठाऊक झाले. आपले लिहिण्यासाठी बाहेरून कोणी येईल, अशी वाट पाहू नये.

मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांस आमच्या शुभेच्छा.