अस्थिगत कर्करोगाची वेदना आणि ध्वनीचा इलाज

स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस किंवा मूत्रपिंड यांतील कर्करोग मूळ ठिकाण सोडून जेव्हा अस्थींत ठाण मांडतो, तेव्हा कूस बदलणे, जिना उतरणे, नुसते खोकणेदेखील रोग्याच्या जिवावर येते. आणि रोग हटत नाही एवढ्याच सबबीवर त्याच्या वेदनेकडे दुय्यम नजरेने पाहणे मला सर्वथैव अनुचित वाटते. किरणोपचार हा यावरचा रूढ आणि गुणकारी इलाज खरा. परंतु काहींना त्याने उतार पडत नाही, तर काहींच्या बाबतीत त्याच जागी पुन्हा किरण देण्याची मुभा उरलेली नसते. अशांसाठी ध्वनीचा मार्ग खुला झाला आहे.

सोनोग्राफी करणाऱ्याला हाड नेहमी आडवे येते, कारण ते ध्वनी शोषून घेते; आणि नेमका हाच अडसर येथे उपकारक ठरतो. सेकंदास सुमारे दहा लक्ष कंपनांच्या लहरी त्वचेतून विखुरलेल्या, म्हणून निरुपद्रवी, अशा आत शिरतात आणि हाडाच्या पृष्ठभागाशी एकवटतात. तेथील उष्णता 60 अंशांच्या पलीकडे जाते, आणि हाडाच्या आवरणातील ज्या सूक्ष्म मज्जातंतूंवाटे वेदना मेंदूकडे जाते, ते निकामी होतात. सुरी नाही, टाका नाही, किरणांचा भार नाही.

रोगी एमआरआय यंत्रात पडून असतो. त्याच यंत्रावर वैद्य आसपासच्या मांसल भागाचे तापमान पाहत असतो. एकेक मारा काही सेकंदांचा, मग निववण्यासाठी विराम, पुन्हा मारा. उपचार चालू असतानाच कळ उठू शकते, म्हणून गुंगीचे औषध देतात; आणि रोग्याच्या हाती एक बटण असते, जे दाबताच मारा थांबतो. ज्याचे दुखणे, त्याच्याच हाती थांबवण्याचा अख्त्यार, ही व्यवस्था मला फार मोलाची वाटते.

या उपचाराच्या 147 रोग्यांवरील चाचणीचा वृत्तांत 2014 साली प्रसिद्ध झाला. वेदनेचे माप शून्य ते दहा या आकड्यांत रोग्यानेच सांगावयाचे होते. काहींना यंत्रात निजवून ध्वनी मुळीच दिला नव्हता. तीन महिन्यांअखेर त्यांच्यापैकी शेकडा 20 जणांस, तर प्रत्यक्ष उपचार झालेल्यांपैकी शेकडा 64 जणांस उतार पडला. नुसत्या आशेनेही पाचांतील एकास बरे वाटावे, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. परंतु उरलेले अंतर ध्वनीच्याच खाती जमा करावे लागते. अमेरिकी सरकारच्या औषध खात्याने या उपचारास 2012 सालीच मंजुरी दिली होती, ती किरणोपचाराने गुण न आलेल्यांना, तो घेता न येणाऱ्यांना वा नको असणाऱ्यांना.

मर्यादाही स्पष्ट आहेत. कवटीचे हाड आणि मणक्यांचा बहुतेक भाग यातून वगळावा लागतो; हाड त्वचेला अगदी लगत असेल, किंवा मोठा मज्जातंतू शेजारून जात असेल, तर हा इलाज करू नये; आणि मूळ रोग याने हटत नाही. तरीही किरणोपचार निष्फळ ठरल्यावर रोग्याच्या नातलगांनी वैद्यास या इलाजाविषयी प्रश्न अवश्य विचारावा, आणि वैद्याने तो आपल्या अधिकारावरील आक्षेप मानू नये.