हजरत युनूस यांची हकिकत
(आर्वी येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



माशाच्या पोटातील हजरत युनूस (अलैहिस्सलाम) यांची हकिकत तुम्ही नानी-दादीकडून ऐकली असेल. हीच कथा हिब्रू भाषेतील योनाच्या पुस्तकात आहे. ज्यू लोक ते योम किप्पूरच्या उपवासाच्या दिवशी दुपारी वाचतात. हा दिवस आपल्या कोकणातील मराठी बोलणारे बेने इस्राएल बांधवही पाळतात.

दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून पाहा. हिब्रू पुस्तक निनवे शहराची वस्ती १ लाख २० हजारांहून अधिक सांगते. कुरआन शरीफच्या सूरह साफ्फातमध्ये १ लाख किंवा त्याहून जास्त लोक आहेत. सावली देणारी वनस्पतीही दोहोंत आहे.

मांडणी मात्र निराळी. तिथे शहराला माफी मिळाली म्हणून योना रागावतो आणि पुस्तक ईश्वराच्या प्रश्नाने संपते. कुरआनात भर आहे तो अंधारात केलेल्या दुआवर. पण दोन्हीकडे परतून येणाऱ्याला दार उघडेच मिळते.

मुलांनो, दुसऱ्याचा ग्रंथ अदबीने वाचा. आपलाही अधिक कळतो. आणि पालकहो, नापास झालेल्या मुलीची शाळा बंद करण्यापूर्वी ही हकिकत एकदा आठवा. लाखाच्या शहराला दुसरी संधी मिळाली, मग आपल्या लेकीला का नको?